काथ्याचे रान

मराठी माणसाला लुटुपुटीच्या लढाईचे वावडे नाही. दिवाळीत अंगणाच्या कोपऱ्यात दगडमातीचा किल्ला रचावा, उतारावर अळीव पेरून रान उगवावे आणि बुरुजांवर मातीचे मावळे उभे करावेत, हे ज्याने बालपणी केले नाही असा मराठी गृहस्थ विरळाच. इतर लोक वयाबरोबर तो नाद सोडतात. आम्ही मात्र तो सरकारी बदलीच्या सामानातून थेट कुंभकोणमपर्यंत आणला. येथील बिऱ्हाडाला अंगण नाही. म्हणून किल्ल्याची जागा जेवणाच्या मेजाने घेतली आणि मावळ्यांची जागा १९४४ सालच्या, इंचभर उंचीच्या प्लॅस्टिकच्या शिपायांनी. एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने १९१३ मध्ये या खेळाच्या नियमांवर एक अख्खे पुस्तक लिहिले असल्यामुळे, हा पोरखेळ असल्याचा घरातला आरोप आम्ही फारसा मनावर घेत नाही.

शिपाई टपालाने मागवता येतात. रान मात्र ज्याचे त्यानेच जमवावे लागते. प्रत्येक शिपायाला पायाखाली बैठक हवी. त्यासाठी लोखंडी वॉशर उत्तम. त्याच्या वजनाने शिपाई कलंडत नाही. शिपाई त्यावर चिकटवून भोवती डिंक लावावा आणि कावेरीची चाळलेली वाळू भुरभुरावी. वाळूला गडद तपकिरी रंग द्यावा आणि तो वाळला की जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट रंग वरवर फिरवावा, म्हणजे कणाकणाला उठाव येतो. पाचोळ्याच्या बाबतीत कुंभकोणमने आम्हांस उदार हाताने मदत केली. येथील घरोघरच्या फिल्टरमधील कॉफीचा चोथा उन्हात कडकडीत वाळवला, की त्यासारखा कुजका पाचोळा विकतही मिळणार नाही. तो किंचित ओलसर राहिला तर मात्र चार दिवसांत बुरशी येते. बांबूची बेटे नारळाच्या काथ्याची. झाडे सुट्या तुकड्यांवर रोवावीत, म्हणजे शिपाई रानात शिरताना ती उचलता येतात.

या खेळातील खरी अडचण वेगळीच आहे. मेजाशी उभ्या असलेल्या खेळाडूला सारे दिसते. रानातल्या शिपायाला दहा हातांपलीकडचे दिसत नाही. म्हणून आरंभी शिपाई मांडायचेच नाहीत, पुठ्ठ्याच्या चकत्या पालथ्या ठेवायच्या. काहींच्या खाली तुकडी, काहींच्या खाली काहीच नाही. सहा इंचांच्या आत आल्यावाचून चकती उलटायची नाही. रिकाम्या चकतीच्या धाकाने आमची अख्खी पलटण अर्धा तास काथ्याआड दबून राहिल्याचे आम्ही पाहिले आहे.

आम्ही मांडतो ती लढाई सांगशाकची. मणिपुरातील उख्रुलजवळच्या या नागा गावी २२ ते २६ मार्च १९४४ या दिवसांत ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडने जपानी सैन्य अडवून धरले. तिच्याबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. पाणी नाही, काटेरी तार नाही, थोडे खणले की खडक. अखेर ठाणे सोडावे लागले. पण ते झुंजलेले दिवस कोहिमा आणि इंफाळच्या कामी आले. मराठे अर्थातच आमच्याकडे. जपानी बाजू कार्यालयातील एक तमिळ सहकारी घेतो.

गेल्या नवरात्रात घरोघर कोलू मांडलेले असताना आमचे मेजही एक कोलूच समजून शेजारचे एक वृद्ध गृहस्थ पाहावयास आले. कोलूच्या पायऱ्यांवर देवदेवतांच्या खाली वाण्याचे दुकान मांडून बसलेल्या चेट्टियारालाही जागा असते. त्यांनी आमचे मेज बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाले, "माझे वडीलही याच युद्धात गेले, सार. पण त्यांच्या हाती बंदूक नव्हती."

त्यांचे वडील १९३७ साली नागपट्टिणमहून बोटीने मलायातील रबराच्या मळ्यावर गेले. मुलगा तेव्हा पाळण्यात होता. शेवटचे पत्र १९४१ चे. युद्धानंतर परतलेल्या एका गाववाल्याने सांगितले, की त्यांना सयामला रेल्वेच्या कामावर नेले. ब्रह्मदेशातील जपानी सैन्याला रसद पुरविण्यासाठी १९४२–४३ मध्ये रानातून घातलेला हा ४१५ किलोमीटरचा मार्ग. तेथे १२ हजारांहून अधिक दोस्त युद्धकैदी मेले. तमिळ, मलायी, ब्रह्मी, जावानी मजूर त्यांच्या कितीतरी पट. कैद्यांच्या नावाच्या शिळा कांचनाबुरीला रांगेने उभ्या आहेत. मजुरांपैकी बहुतेकांना नावाची शिळा नाही. त्याच मार्गाने ज्या सैन्याची रसद गेली, त्याने पुढल्या वर्षी मणिपुरावर चाल केली.

मजुरांच्या बाहुल्या बाजारात मिळत नाहीत. आम्ही सहा शिपायांच्या बंदुका कापल्या, शिरस्त्राणे घासून काढली आणि तारेची कुदळ व कावड त्यांच्या हाती दिली. आगकाड्यांचे स्लीपर घातलेल्या एकाच लांब बैठकीवर ते सहाजण उभे आहेत. सांगशाक त्या रेल्वेपासून शेकडो मैल दूर, म्हणून ही बैठक मेजावर नव्हे, शेजारच्या स्टुलावर असते. नियम असा केला, की त्यांच्यापैकी एकजण जरी उभा असेल तोवर जपान्यांना तांदूळ आणि तोफगोळे मिळत राहतील. दर फेरीस एक फासा टाकायचा. एक पडला की एक मजूर उचलायचा. १९४३ च्या पावसाळ्यात त्या छावण्यांत पटकी होती. उचललेल्या मजुराचे गुण कोणाच्याच खाती जमा होत नाहीत.

हिशेबाने पाहता मजूर कमी झाले तर आमच्या मराठ्यांचा फायदाच होतो. तरीही तो फासा टाकण्याची वेळ आली, की आम्ही तो सहकाऱ्यापुढे सरकवतो आणि तो आमच्यापुढे.