डावरी

आमची धाकटी लेक डावरी. जन्म १९७९ चा. चार वर्षांची असतानाची तिची एकेक तऱ्हा मला अजून लख्ख आठवते. आज लिहूनच काढते, म्हणजे नातवंडांना कळेल त्यांची आई आणि मावशी कशी होती ते!

ही मुलगी कधी आदळआपट करणारी नव्हती. रडणंही बेताचंच. पण एखादी गोष्ट पटली नाही की शांतपणे म्हणायची, "थांब, मी विचार करते." आणि खरंच गालावर हात ठेवून विचार करत बसायची. तोवर आपण ताटकळत उभे!

दोन हातांना तिने नावं ठेवली होती. उजवा 'जेवायचा' आणि डावा 'कामाचा'. हा तह सासूबाईंशी झालेला. ताटात डावा हात घालायचा नाही, हे तिने एका दिवसात मान्य केलं. बदल्यात पाटीवरची पेन्सिल मात्र कामाच्या हातात. सासूबाईंना हे अर्धंच पटलं होतं. "अगं, पुढे सासरी काय म्हणतील?" हे पालुपद चालूच असायचं.

पाटीवर डाव्या हाताने लिहिताना पंचाईत अशी, की हात अक्षरांच्या मागून सरकतो आणि लिहिलेलं पुसत जातो. 'कमळ' लिहून होईपर्यंत 'क' गायब. मी काही सांगणार, एवढ्यात बाईसाहेबांनी पाटीचा डावा कोपरा वर करून ती तिरकी केली आणि हात ओळीच्या खाली घेतला. 'कमळ' शाबूत! कात्रीने मात्र दाद दिली नाही. बाजारातल्या कात्रीची पाती उजव्या हाताच्या सोयीने जुळवलेली, डाव्या हातात कागद कापला न जाता पात्यांमध्ये दुमडतो. तिचं निदान वेगळंच. "आई, कात्री माझ्याशी कट्टी आहे."

बालवाडीत घातली तेव्हा गंमत संपली. तिथल्या बाई तिच्या डाव्या हाताला रुमाल बांधून ठेवत. हे घरी कळायला पंधरा दिवस गेले, कारण तिने तक्रार केलीच नाही. फक्त चित्रं काढायची बंद झाली. एका रात्री अंथरुणात मला विचारलं, "आई, माझा हा हात वाईट आहे का गं?"

पोटात गलबललं. आपली भाषासुद्धा कशी बघा... मागे सारणं म्हणजे डावलणं, आणि सरस ठरला तो उजवा! तिला सांगितलं, हात वाईट नाही, सगळ्यांचे हात सारखे चालत नाहीत एवढंच. दुसऱ्या दिवशी बाईंना जाऊन भेटले. शिक्षिकाच होते, त्यामुळे बोलणं सोपं गेलं. म्हटलं, डावा हात मेंदूच्या उजव्या भागाच्या ताब्यात असतो, रुमाल बांधून तो बदलत नाही. गांधीजींनी १९०९ मध्ये बोटीवर 'हिंद स्वराज' लिहिताना उजवा हात थकल्यावर डाव्याने लिहिलं, हेही सांगितलं. बाई ऐकणाऱ्या निघाल्या. रुमाल सुटला.

राहिल्या सासूबाई. त्यांना मात्र हिनेच जिंकलं. गणपतीच्या दिवसांत मूर्तीकडे बराच वेळ टक लावून बघत होती. मग वळून बाप्पाच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. एकदा त्याच्या सोंडेकडे, एकदा आपल्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाली, "आजी, बाप्पाची सोंड माझ्या कामाच्या हाताकडे आहे!"

घरातला गणपती डाव्या सोंडेचाच असतो. उजव्या सोंडेचं सोवळं कडक म्हणून बहुतेक घरांत तो आणत नाहीत. हे हिला कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाई बघतच राहिल्या. मग प्रसाद देताना म्हणाल्या, "कर बाई हात पुढे." हिने डावा खाली आणि उजवा त्याच्यावर असे दोन्ही हात धरले आणि खुलासा केला, "खालच्याने वरच्याला उचलून धरलंय." त्यानंतर सासरचं पालुपद पुन्हा ऐकू आलं नाही. उलट पुढच्या दिवाळीत आजी-नात रांगोळीला बसल्या, ती उजवीकडून ठिपके देत येई आणि आजी डावीकडून. मध्यावर गाठ पडली की दोघी हसायच्या.

आता तिने चाळिशी ओलांडली आहे. काही पटलं नाही की अजूनही म्हणते, "थांब, विचार करते."

माझ्या नोकरीत एक सवय मात्र तिच्यामुळे लागली. नवा वर्ग मिळाला की पहिल्या दिवशी विचारायचे, "डावरे कोण कोण?" आधी कुणी हात वर करत नसे. मग एखादा हळूच करी, तोही उजवा! त्या मुलांना मी बाकाच्या डाव्या टोकाला बसवत असे, म्हणजे कोपराला कोपर लागत नाही. निवृत्त होईपर्यंत हे पाळलं. तुमच्यापैकी कुणी शिकवत असाल तर करून बघा. खर्च काही नाही, आणि एखादं लेकरू रात्री अंथरुणात तो प्रश्न विचारायचं वाचेल.