गाण्यांच्या गावाची एक फेरी

दिवाळीत चार घरचा फराळ एका ताटात आला, की चकलीच्या खुसखुशीतपणावरून सुरू झालेले बोलणे हटकून गाण्यांवर येते, आणि मग कुणीतरी विचारतो, "खरी गाणी कोणत्या दहा वर्षांत झाली हो?" झाले! पुढचा तासभर चहा निवतो आणि माणसे तापतात. वास्तविक प्रत्येकाचे उत्तर त्याच्या जन्मतारखेवरून आधीच ओळखता येते. मिसरूड फुटण्याच्या सुमारास कानावर पडलेले गाणे सर्वांत गोड, हा न्याय सार्वत्रिक आहे. म्हणूनच हा वाद कॅलेंडर समोर ठेवून कधी सुटत नाही. यंदा आम्ही तो मुंबईचा नकाशा समोर ठेवून सोडवायचे ठरवले.

त्याला कारणही तसेच घडले. आमच्या मामांची गिरगावातली चाळ पाडून तिथे टॉवर होणार. तोवर मामांचा मुक्काम डोंबिवलीला, दोन खोल्यांत. भांडीकुंडी जातील, देवही जातील. पण मामांच्या वडिलांपासून जमलेल्या तीनशेच्या वर तबकड्या कशा जाणार? मोजूनमापून पाहिले, तर नव्या घरात एका कपाटापुरती जागा निघाली. मामा म्हणाले, "एका दशकाची राहतील. बाकीची चोरबाजारात." हे बोलताना त्यांनी चष्मा पुसला. तो मळलेला नव्हता.

तेव्हा एका रविवारी सकाळी आम्ही चौघे निघालो. वय वर्षे ब्याऐंशी असलेले मामा पन्नासच्या दशकाचे वकील. आमचे मेहुणे सत्तरच्या दशकाचे, म्हणजे राहुल देव बर्मन यांचे कट्टर भक्त. त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी 'सैराट'च्या पिढीची. आणि मी, ज्याच्याकडे टॅक्सीचे पैसे होते असा न्यायाधीश!

पहिला मुक्काम गिरगावातच. 'मॅजेस्टिक' चित्रपटगृह होते ती जागा मामांनी काठीने दाखवली. १४ मार्च १९३१ रोजी इथे 'आलम आरा' लागला आणि हिंदुस्थानचा पडदा बोलू, नव्हे गाऊ लागला. त्यात सात गाणी होती. त्यांच्या तबकड्या निघाल्याच नाहीत आणि चित्रपटाची प्रतही आज उरलेली नाही. म्हणजे आपल्या बोलपटातले पहिले गाणे कसे होते, हे आता कुणीच ऐकू शकत नाही. चित्रपटगृहही गेले. मुलगी म्हणाली, "मग आजोबा, तेच सर्वांत चांगले असेल तर?" या प्रश्नावर मामांजवळ उत्तर नव्हते.

त्या तीसच्या दशकात मात्र गाण्यांची गावे अनेक होती. 'प्रभात' कोल्हापुरात १९२९ साली निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'ला गोविंदराव टेंबे यांनी नुसते संगीतच दिले नाही, तर हरिश्चंद्राची भूमिकाही केली; नट म्हणजे गाणारा, असाच तो काळ. तिकडे कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने १९३५ मध्ये 'धूप छाँव'साठी पार्श्वगायन सुरू केले. इकडे पुण्यात केशवराव भोळे यांनी १९३७ च्या 'कुंकू'ची गाणी वाद्यवृंदाचा भपका टाळून बांधली. प्रत्येक गावाचे पाणी वेगळे, तसे गाणेही वेगळे. मामांच्या संग्रहात यातल्या पंचवीसेक तबकड्या होत्या. त्यांच्यासाठी भांडणारे मात्र आमच्यात कुणीच नव्हते. ज्यांची ती गाणी, ती माणसेच आता घरांत राहिलेली नाहीत.

तिथून चोरबाजार. मटण स्ट्रीटवर जुने कंदील, घड्याळे आणि ग्रामोफोनचे कर्णे यांच्या गर्दीत एका दुकानदाराने आमची पिशवी उघडली. तबकडी हातात घेतली, कड धरून उजेडात तिरपी केली, ओरखडे पाहिले आणि कपाळाला एक आठी घातली. लाखेचे हे दहा इंची ताट; एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे. मुखडा, दोन-तीन अंतरे आणि मधले वाद्यसंगीत एवढ्यातच बसवायचे. आपल्या गाण्याचा बांधा कवीइतकाच या ताटाने ठरवला, हे विसरून चालत नाही. साधारण सत्तर सालापर्यंत या तबकड्या निघत होत्या.

दुकानदाराचा हिशेब आमच्या वादापेक्षा फार निराळा निघाला. जे गाणे घराघरांत गाजले, त्याच्या तबकड्या मुबलक, म्हणून स्वस्त. जो चित्रपट आठवड्यात कोसळला, त्याची तबकडी दुर्मिळ, म्हणून महाग. मामांच्या जिवाभावाच्या गाण्यांना त्याने किरकोळ भाव सांगितला. मामा दुखावले, पण क्षणभरच. मग म्हणाले, "बरे झाले. ज्याला किंमत नाही, ते विकायचा प्रश्नच नाही!"

टॅक्सी ताडदेवला आली. फेमस, फिल्म सेंटर ही नावे ज्यांनी तबकड्यांच्या काळात गाणी ऐकली, त्यांना पंढरपूर-आळंदीसारखी वाटतात. बाहेरून पाहावे तर साध्या इमारती आणि समोर वाहनांची रीघ. पण इथल्या ध्वनिमुद्रणाच्या दालनांत पन्नासच्या दशकात व्हायोलिनचा ताफा, सतार, बासरी, ढोलक, अ‍ॅकॉर्डियन आणि गायक असे सगळे एकाच वेळी गात-वाजवत. एकाचा सूर घसरला की सगळ्यांनी पहिल्यापासून सुरुवात करायची.

आणि त्या ताफ्यासमोरच्या कागदांवर सुरावट कोण लिहून देई? बहुधा गोव्याची माणसे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन व ओ. पी. नय्यर यांचे वाद्यमेळ रचणारे सेबास्टियन डिसोझा, ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट. चर्चमध्ये लहानपणी शिकलेले पाश्चात्त्य स्वरलेखन त्यांनी इथे ठुमरी-भजनाच्या सेवेला लावले. १९५१ च्या 'अलबेला'त आमच्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांच्या चालींत चिक चॉकलेटची ट्रम्पेट वाजली. तबकडीवर मात्र या लोकांची नावे सहसा आली नाहीत. अँथनींचे नाव घरोघरी पोचले ते १९७७ साली, त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी लक्ष्मीकांत यांच्यासह संगीत दिलेल्या 'अमर अकबर अँथनी'तल्या एका गमतीच्या गाण्यामुळे.

मेहुणे इथे उसळले. "पण पंचमच्या वेळीही हीच दालने होती, हेच वादक होते!" खरेच होते. १९६६ च्या 'तीसरी मंझिल'पासूनची त्यांची झिंग याच शहरातली. त्यांच्या वादकांतले केर्सी लॉर्ड यांचे वडील कावस लॉर्ड त्याआधीच्या पिढीतले नामांकित तालवादक. मुलगी म्हणाली, "बाबा, अजय-अतुल तर 'सैराट'साठी लॉस एंजेलिसला गेले. का? तर सगळा वाद्यवृंद एकत्र वाजायला हवा होता म्हणून." मामांनी तिच्याकडे प्रथमच आदराने पाहिले. संगणकावर एकेकाचा सूर वेगळा टिपता येत असतानाही कुणाला शंभर हात एकत्र हवेसे वाटतात, ही बातमी त्यांना नवी होती.

तिथेच पदपथावर मामांनी पिशवीतून 'महल'ची तबकडी काढली. तिच्यावर गायिकेचे नाव होते 'कामिनी'. ते चित्रपटातल्या पात्राचे नाव. गाणाऱ्या लता मंगेशकरांचे नाव पहिल्या तबकड्यांवर छापलेच नव्हते. मेहुणे म्हणाले, "पण हा चित्रपट १९४९ चा. पन्नासच्या दशकात बसत नाही." मामा शांतपणे म्हणाले, "'बरसात'ही त्याच वर्षीचा, 'अंदाज'ही. आणि १९६० चा 'मुघल-ए-आझम' मी सोडणार नाही. माझे दशक बारा वर्षांचे आहे. कपाट माझे आहे." न्यायाधीशाने हरकत फेटाळली.

शेवटी दादर. इथल्या ब्रॉडवे चित्रपटगृहासमोरच्या पदपथावर लखनौहून आलेले नौशाद उमेदवारीच्या दिवसांत रात्री झोपत; ही हकीकत ते स्वतः सांगत. पंधरा-सोळा वर्षांनी, १९५२ मध्ये, त्याच ब्रॉडवेत त्यांचा 'बैजू बावरा' लागला. त्यातली जुगलबंदी इंदूर घराण्याच्या अमीर खाँसाहेबांनी आणि आमच्या दत्तात्रेय विष्णू पलुसकरांनी गायली. इथून जवळच माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात गीतकार शैलेंद्र काम करत. हसरत जयपुरी बसमध्ये तिकिटे फाडत. सचिनदेव बर्मन त्रिपुराचे, सलील चौधरी आसाम-बंगालकडचे, साहिर लुधियान्याचे. सेबास्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात वाद्यवृंद चालवत; देश तुटला, तेव्हा ते मुंबईला आले. नय्यरही लाहोरचेच.

या गोडव्याची किंमत काय पडली, हेही सांगितले पाहिजे. त्याच फाळणीने नूरजहाँ आणि गुलाम हैदर यांना आपल्यापासून तिकडे नेले. घर सुटलेली, पोटासाठी गाव सोडलेली माणसे इथे एका दालनात बसली आणि एकमेकांची भाषा सुरांत शिकली. ही गाणी ऐकताना घरातल्या वडीलधाऱ्यांचे डोळे का भरत, ते मला दादरच्या त्या गर्दीत उमगले.

सरकारला मात्र हे गाणे हलके वाटले. १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झालेल्या डॉ. केसकरांनी आकाशवाणीवर चित्रपटगीतांना आवर घातला. त्याच वर्षी सिलोनवरून अमीन सायानी 'बिनाका गीतमाला' घेऊन आले, आणि बुधवारी रात्री आठला चाळीच्या चाळी कान टवकारून बसू लागल्या. १९५७ मध्ये 'विविध भारती' सुरू करावी लागली. पण त्याच आकाशवाणीच्या पुणे केंद्राने १९५५-५६ मध्ये गदिमा आणि सुधीर फडके यांच्याकडून दर आठवड्याला एक अशी 'गीतरामायणा'ची छप्पन्न गीते महाराष्ट्राला दिली, हेही तितकेच खरे.

तेव्हा निकाल असा: दशक पन्नासचे, अर्थात मामांच्या मापाचे! त्या वर्षांच्या अंगी जादू होती म्हणून नव्हे, तर इतक्या दूरदूरच्या माणसांना एकाच दालनात, एकाच वेळी, एकमेकांवाचून गत्यंतर नव्हते म्हणून. मेहुण्यांनी निकालावर अपील केले आहे. मुलीने केले नाही. तीसच्या दशकातल्या त्या पंचवीस तबकड्या मात्र तिने आपल्या घरी नेल्या, म्हणाली, "यांच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवे."