चार, वर्ग, वजा दोन

1998 साली आमच्या घरी पेंटियमचा संगणक आला आणि पाठोपाठ मर्सेन संख्यांचं वेड लागलं. दोनाच्या घातातून एक वजा केल्यावर मिळणाऱ्या मूळ संख्या म्हणजे 3, 7, 31, 127 आणि पुढे डोंगराएवढ्या. जॉर्ज वोल्टमन यांनी 1996 मध्ये 'गिम्प्स' प्रकल्प सुरू केल्यापासून कोणालाही घरबसल्या त्यांचा शोध घेता येत होता.

टेलिफोनच्या तारेवरून एक घातांक मागून घ्यायचा आणि मशीन सुरू ठेवायचं. एकेका घातांकाला आठवडेच्या आठवडे लागत. रात्री पंख्याची घरघर ऐकत मी झोपायचो. वीज गेली की काळजाचा ठोका चुके. पण काम मधूनमधून फाइलमध्ये साठवलेलं असे, तिथूनच ते पुढे सुरू होई. शेवटी उत्तर येई: मूळ नाही. तरी समाधान वाटे. आकडेमोडीत उरलेली शेवटची बाकी पुढे दुसऱ्या कोणाच्या उत्तराशी ताडली जाई आणि एक घातांक कायमचा निकालात निघे.

संख्या मूळ आहे की नाही हे ठरवणारी कसोटी किती साधी! 4 पासून सुरुवात. वर्ग करा, 2 वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा, पुन्हा वर्ग करा. घातांकाहून दोनने कमी इतक्या फेऱ्यांनंतर बाकी शून्य उरली, तर संख्या मूळ. फ्रान्सच्या एदुआर ल्यूका यांनी 1876 मध्ये याच जातीच्या कसोटीने, हाताने आकडेमोड करून, 39 अंकी संख्या मूळ असल्याचं सिद्ध केलं. पाऊणशे वर्षं ती सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या राहिली. डेरिक लेहमर यांनी 1930 मध्ये कसोटीला आजचं सुटसुटीत रूप दिलं.

आणि आता? ऑक्टोबर 2024 मध्ये ल्यूक ड्युरंट यांनी 17 देशांतल्या डेटा सेंटरमधले ग्राफिक्स प्रोसेसर जुंपून 4,10,24,320 अंकी मर्सेन संख्या शोधली. माझ्या पेंटियमने आठवडे घेतलेला घातांक आजचा संगणक तासाभरात तपासेल. ती घरघर, ती वाट पाहणं मात्र मला अजून आठवतं.

पण त्या राक्षसी संख्येवर शेवटची मोहोर उमटली ती याच ल्यूका-लेहमर कसोटीने, वेगवेगळ्या यंत्रांवर पुन्हा पुन्हा पडताळून. यंत्रं बदलली, पडताळणीचा प्रामाणिकपणा तोच राहिला. 'गिम्प्स'चा प्रोग्रॅम आजही फुकट मिळतो. तुमचा संगणक रात्री रिकामा असेल, तर एक घातांक मागून घ्या.