दोरी तुटली तर?

मंडळी, बिनइंजिनाचं विमान वर जातं कसं? पतंगासारखं! लांब दोरीचं एक टोक गाडीला, दुसरं ग्लायडरच्या पोटाखालच्या हुकाला. गाडी वाऱ्याच्या तोंडावर सुसाट पळवायची, ग्लायडर चढत जातं, मग वैमानिक दोरी सोडून देतो. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरच्या सपाट मैदानावर गाडीऐवजी विंच असे, म्हणजे जागेवर उभं राहून तार गुंडाळणारं यंत्र. डोंगरमाथ्यावर मात्र धावपट्टी आखूड असली तरी भागतं. उतारावर आदळलेला वारा वर वळतो, आणि पुढे तोच उचलून धरतो. (फुकटची उंची, दुसरं काय!)

मंठ्याच्या आमच्या भाच्याला हे शिकायचंय. ताईचा एकच प्रश्न, "दोरी मध्येच तुटली तर रे?"

प्रश्न खरा आहे. चढताना नाक वर असतं. दोरी तुटली की वेग झपाट्याने उतरतो. तेव्हा नाक ताबडतोब खाली घालावं लागतं. जमीन इतकी जवळ दिसत असताना हात धजत नाही, म्हणून एकट्याला सोडण्याआधी शिक्षक मागे बसून मुद्दाम दोरी सोडतात आणि हे घोटून घेतात. मला तरी ऐकून धीर आला. ताईला नाही. "आधी बारावी होऊ दे," म्हणाली.