पुरावा मागायचा नाही

पुण्याजवळ देहूरोडला दारूगोळ्याचा डेपो आहे, छावणी आहे. तारेची कुंपणं नि मनाईच्या पाट्या इथल्या माणसाच्या रोजच्या वाटेवर. त्यामुळे इथून समुपदेशनाला येणाऱ्याच्या भ्रमात लष्कर आलं की मला नवल वाटत नाही. चाकणच्या कारखान्यात जाणाऱ्याच्या भ्रमात सीसीटीव्ही येतो. व्हिएन्नाच्या व्हिक्टर टाउस्क या मनोविश्लेषकाने १९१९ साली स्किझोफ्रेनियाचे जे रुग्ण वर्णिले, त्यांना कुणीतरी यंत्राने आपला ताबा घेतोय असं वाटे. आज त्या यंत्राच्या जागी मोबाइल असतो.

एका तरुणाची आई म्हणाली, "मॅडम, याच्या डोक्यात संशय शिरलाय. तुम्हीच समजवा." (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मी समजावत नाही. मी मुलाला विचारते, हे कळण्याआधीचे दिवस कसे गेले?

त्यावर तो बराच वेळ बोलला. स्टेशनवर सगळं नेहमीचंच होतं, तरी काहीतरी घडणार असं वाटे. लोकलचा भोंगा, कुणाचं खोकणं, समोरच्याने पिशवी या हातातून त्या हातात घेणं, सगळं त्याच्यासाठीच चाललेलं. पण कशासाठी, ते उमगेना. झोप उडाली. मग एके दिवशी उलगडा झाला: आपल्यावर पाळत आहे. "त्या रात्री मी शांत झोपलो, मॅडम."

जर्मन मानसोपचारतज्ज्ञ क्लाउस कोनराडने १९५८ मध्ये हाच क्रम मांडला होता: आधी तणाव, मग साक्षात्कार. इतक्या यातनेनंतर मिळालेलं उत्तर वादाने कसं सुटेल? पुरावा मागितला की तो आणखी पुरावे जमवतो. होला हो केलं, तर मी त्याची साक्षीदार होते आणि उद्या कटातली.

तो चहात काहीतरी कालवतात म्हणायचा, आणि आईच्या हातचा चहा प्यायचा. घरचे म्हणत, नाटकं करतो. नाटक नव्हेच ते. स्वतःला सम्राट मानणारे रुग्णही वॉर्डातली साधी कामं करतात, हे स्विस मानसोपचारतज्ज्ञ ब्लॉयलरने १९११ मध्येच नोंदवलंय. दोन्ही जगं एकाच वेळी खरी असतात, आणि बरं होण्याची वाट मला या चहाच्या कपातच दिसते.

आईला मी पुण्यात जगन्नाथ वाणींनी उभ्या केलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या स्वमदत गटाचं नाव सुचवलं. मुलाची औषधं मानसोपचारतज्ज्ञांकडे सुरू झाली. काही महिन्यांनी तो म्हणाला, "पाळत असेलही. पण आता तिचं एवढं काही वाटत नाही." आईला हे अपुरं वाटलं, पाळत नाहीच, असं तिला त्याच्या तोंडून हवं होतं. मी तो आग्रह धरला नाही. सध्या त्याची तक्रार आहे ती गोळीमुळे कामाच्या पहिल्या पाळीला डोळे मिटतात याची. ती डॉक्टरांपुढे कशी मांडायची, हे आम्ही दोघं मिळून कागदावर लिहून काढतोय.