छाट

यंत्रमागाच्या शेडमधून बाहेर आलेला माणूस सोलापुरात लगेच ओळखू येतो. केसांवर, भुवयांवर पांढरे बारीक तंतू बसलेले असतात. इंग्रजीत त्यांना 'लिंट' म्हणतात. बेल लॅब्समधल्या स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास सी भाषेतल्या कोडमधल्या संशयास्पद जागा शोधणारा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला हेच नाव दिलं. तेव्हापासून कोड न चालवता, नुसता वाचून खोड काढणाऱ्या टूलला लिंटर म्हणतात.

माझं रोजचं काम जावास्क्रिप्टमध्ये असतं, म्हणून माझा लिंटर ईएसलिंट. निकोलस झाकस यांनी तो २०१३ मध्ये सुरू केला. त्यात प्रत्येक नियमाच्या तीनच अवस्था असतात: बंद, इशारा आणि चूक. टीम कुणाचा तरी तयार नियमसंच उचलते, त्यावर दुसरा चढवते, त्यावर आपले अपवाद लिहिते. दोन-तीन वर्षांनी नक्की कुठला नियम लागू आहे, हे कुणालाच सांगता येत नाही.

अशा वेळी कमांड लाइनवरची छोटी टूल्स उपयोगी पडतात. ईएसलिंटलाच 'प्रिंट कॉन्फिग' असा पर्याय दिला, की एखाद्या फाइलला शेवटी लागू होणारे सगळे नियम तो समोर ओततो. 'ईएसलिंट फाइंड रूल्स' हे टूल कुठले नियम कधी लावलेच नाहीत आणि कुठले कालबाह्य झालेत, ते सांगतं. ही टूल्स कोड तपासत नाहीत. ती तपासणाऱ्यालाच तपासतात.

आमच्या प्रकल्पावर मी ती चालवली, तेव्हा मांडणीचे बरेच जुने नियम निघाले. ईएसलिंटने ते २०२३ च्या अखेरीसच कालबाह्य ठरवले होते. एका नियमाला चार जागांचा समास हवा होता, तर कोड आपोआप नीट लावणाऱ्या दुसऱ्या टूलला दोनच. टीममध्ये नव्याने आलेल्या मुलाचा कोड या भांडणात रोज अडकत होता आणि तो बिचारा स्वतःलाच कच्चा समजत होता. यादी निघायला काही सेकंद लागले. 'हा नियम का आहे?' या प्रश्नावर मात्र अख्खी दुपार गेली.

हा प्रश्न मला घरून ठाऊक आहे. मी कुंभारीची. अक्कलकोट रस्त्यावरची कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहत, म्हणजे विडी कामगार बायकांनी आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली लढून मिळवलेली १० हजार घरं. माझी अम्मा तिथेच विड्या वळते. मजुरी हजारावर. वळलेला माल ब्रँचमध्ये गेला की चेकर जुडी दाबून बघतो आणि न पटलेल्या विड्या बाजूला काढतो. त्या बाजूला पडलेल्या विड्यांना छाट म्हणतात. पान फाटलेलं, तंबाखू सैल, तोंड नीट दुमडलेलं नाही, कारण काहीही असू शकतं.

यालाही नियम आहेत. विडी आणि सिगार कामगारांसाठीचा कायदा १९६६ चा. छाटीवरून वाद झाला तर तो सोडवायची तरतूद त्याच्या ३९व्या कलमात केली गेली. महाराष्ट्राच्या नियमांत लिहिलं गेलं, की साधारणपणे ५ टक्क्यांहून जास्त छाट काढू नये, आणि कामगाराने मुद्दाम हयगय केली नसेल तर छाटीचीही निम्मी मजुरी द्यावी. कॉन्फिगरेशन म्हणून बघितलं तर हे चांगलं लिहिलेलं आहे.

पण लिंटर नाकारताना फाइल, ओळ आणि नियमाचं नाव छापतो. अम्माच्या कार्डावर फक्त घेतलेल्या विड्यांचा आकडा येतो. नाकारल्या किती, कशासाठी, हे कुठेच उरत नाही. मग ५ टक्के ओलांडले की नाही, हे कोण आणि कशावरून ठरवणार? ज्या नियमाची नोंदच होत नाही, तो कागदावर चालू आणि ब्रँचमध्ये बंद असतो.

त्यात २०२० मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कामगार सुरक्षा आणि आरोग्य संहितेत, रद्द करायच्या १३ कायद्यांच्या यादीत हा १९६६ चा कायदाही आहे. ईएसलिंटमध्ये एखादा नियम कालबाह्य झाला की त्याच्या जागी काय वापरायचं, हे सहसा शेजारीच लिहिलेलं असतं. छाटीच्या नियमाबाबतही मला तेवढंच हवंय: जुना गेला, तर त्याच्या जागी नेमकं काय आलं, हे अम्माला वाचता येईल अशा एका ओळीत.

तोवर मी तिला एक वही आणून दिली. चार रकाने आखले: तारीख, दिल्या, छाट, कारण. पहिले तीन ती बिनचूक भरते. चौथ्यावर अडली. म्हणाली, "कारण काय लिहू? तो सांगतच नाही."

मी म्हटलं, "मग तेच लिही."

आता वहीच्या त्या रकान्यात ओळीने एकच उत्तर आहे: सांगितलं नाही. शेजारच्या दोघींनीही मागच्या महिन्यापासून वह्या आखल्यात.