मोडलेल्या झोपाळ्याची भरपाई

धान्याचें पोतें फाटलें, तर सांडलेलें धान्य मोजून देतां येतें. आजोबांनीं करविलेला झोपाळा मोडला, तर काय मोजावें? जुने वाडे पाडून सदनिका उभ्या राहण्याच्या या काळांत हा प्रश्न पुष्कळ घरांत उभा राहतो. आमच्या घरीं तो गेल्या वर्षीं आला.

आमचा झोपाळा अखंड सागवानी फळीचा व पितळी कड्यांचा. धुळ्याच्या जुन्या गांवांतून आम्ही पांझरेपलीकडे देवपुरांत राहावयास आलों, तेव्हां तोही आमच्याबरोबर आला. आईनें त्यावर बसून नातवंडांस रामरक्षा शिकविली. पुढें थोरल्या चिरंजिवांनीं पुण्यास घर घेतलें आणि सूनबाईंनीं हौसेनें झोपाळा मागितला, म्हणून तो एका मालवाहू कंपनीच्या हवालीं केला. पावतीवर त्याची किंमत मीं लिहवून घेतली होती. उतरवितांना फळी आपटून मधोमध चिरली व दोन कड्या पिचल्या. चिरंजिवांनीं पोच देतांना तिच्यावर हें नुकसान लिहूनच सही केली. कंपनीचा कारकून मात्र म्हणाला, "जुनें लाकूड तें! आठशें रुपये देतों."

याज्ञवल्क्यांनीं व्यवहाराध्यायांत स्पष्ट सांगितलें आहे कीं, राजा किंवा दैव यांच्यामुळें नव्हे, अशा रीतीनें माल नष्ट झाल्यास तो वाहकानें भरून द्यावा. मनूनें नावाड्यांविषयीं हाच न्याय सांगितला असून भरपाई सर्वांनीं आपापल्या अंशानें द्यावी, असेंही म्हटलें आहे. आजचा २००७ चा रस्ते-वाहतूक कायदा फार निराळें बोलत नाहीं. वाहकाचा निष्काळजीपणा मालधन्यानें सिद्ध करण्याचें कारण नाहीं. मात्र माल नोंदविल्यापासून १८० दिवसांच्या आंत लेखी नोटीस दिली पाहिजे. पुष्कळ लोक येथेंच चुकतात. फोनवर भांडतात आणि दिवस दवडतात.

आमच्या घरांत खरा वाद निराळाच झाला. थोरले बंधू म्हणाले, "अरे, आईच्या आठवणीचे पैसे घेणार काय?" मीं म्हटलें, "अण्णा, आठवणीचे नव्हे, सुताराचे मागतों." धाकट्या चिरंजिवांचें मत याच्या अगदीं उलट. सर्वोच्च न्यायालयानें १९९३ सालीं लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यांत भरपाईमध्यें मानसिक क्लेशही धरले आहेत, तेव्हां ग्राहक आयोगाकडे जाऊन तेही मागावे, असा त्यांचा आग्रह. कायद्यानें त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. पांच लाखांपर्यंतच्या व्यवहारास तेथें शुल्कही नाहीं, व मुदत दोन वर्षांची आहे. परंतु आईच्या नांवापुढें आंकडा लिहिण्यास माझा हात धजेना.

सुतारानें ६,५०० रुपये सांगितले, कड्यांचे १,८०० निराळे. भंगाराच्या भावाहून हें कितीतरी अधिक. पण वस्तु जशी दिली तशी परत मिळावी, एवढाच आमचा हक्क होता, आणि तिला तशी करण्यास जो खर्च येतो तीच तिची भरपाई. सुताराचा लेखी अंदाज, पावती व छायाचित्रें जोडून नोटीस धाडली. पांच आठवड्यांनीं दुरुस्तीचे पैसे आले, भाडेंही परत मिळालें. धाकटे चिरंजीव अजून कुरकुरतात.

फळी बदलली नाहीं. चिरेवर शिसवीचे तीन तुकडे आडवे बसविले आहेत. सूनबाईंनीं त्यांवर गादी घातलेली नाहीं. आल्यागेल्यास त्या स्वतःच ते सांधे दाखवितात.